दार आपले, किल्ली कोणाची?

(एका व्याख्यानमालेतील भाषणाचा संपादित मजकूर)



ज्याच्या हाती किल्ली, त्याच्या हाती दार, हा व्यवहार शतकानुशतके चालत आलेला आहे. किल्ली कमरेला असे, तिजोरीत असे, देव्हाऱ्यामागे असे. परंतु ती कुठे आहे, हे घरच्या कर्त्या माणसाला ठाऊक असे. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत मात्र पितळी किल्लीची जागा प्लॅस्टिकच्या कार्डाने घेतली, काही ठिकाणी बोटाच्या ठशाने, तर काही ठिकाणी मोबाइलच्या पडद्यावरील काळ्या-पांढऱ्या चौकोनाने. बँक, रुग्णालय, विद्यार्थिनींचे वसतिगृह, प्रयोगशाळा, शासकीय कार्यालय, इतकेच काय, मध्यमवर्गीयांच्या गृहनिर्माण संस्थांची प्रवेशद्वारेसुद्धा आता संगणकाच्या आज्ञेने उघडतात. कार्ड टेकवावे, 'टुक' असा आवाज यावा आणि दार उघडावे. ही सोय मोठी आहे, यात शंका नाही. परंतु या सोयीबरोबर एक मूलभूत प्रश्नही दारातून आत आला आहे. दार आपले आहे, भिंत आपली आहे, आतील माणसे आपली आहेत. किल्ली मात्र नेमकी कोणाच्या हाती आहे?

कुलपाच्या आतील कुलूप

हा प्रश्न समजण्यासाठी या यंत्रणेची रचना थोडक्यात पाहिली पाहिजे. तिचे चार दुवे असतात. पहिला दुवा म्हणजे कार्ड, ज्याच्या पोटात एक सूक्ष्म चिप आणि तारेचे वेटोळे असते. दुसरा दुवा म्हणजे दाराशेजारी भिंतीवर बसवलेला रीडर, जो कार्डावरील क्रमांक वाचतो. तिसरा दुवा म्हणजे आतील बाजूस, बहुधा छताजवळच्या पेटीत असलेला कंट्रोलर, जो दार उघडावे की नाही हे ठरवतो. चौथा दुवा म्हणजे कार्यालयातील संगणक, जिथे कोणाला कोठे आणि केव्हा प्रवेश आहे याची यादी असते. साखळीचे बळ तिच्या सर्वांत दुबळ्या कडीइतकेच असते. येथे तर चारही कड्या आज्ञावलीवर, म्हणजे सॉफ्टवेअरवर चालतात, आणि ते माणसांनीच लिहिलेले असते.

रीडर आणि कंट्रोलर यांच्यामधील तारेचेच उदाहरण घ्यावे. या तारेवरून क्रमांक पाठविण्याची 'वीगंड' नावाची पद्धत गेली अनेक दशके जगभर रूढ आहे. तिच्या सर्वांत प्रचलित रूपात एकूण २६ अंश असतात; त्यांपैकी ८ अंश जागेच्या क्रमांकासाठी, १६ अंश कार्डाच्या क्रमांकासाठी आणि २ अंश पडताळणीसाठी. म्हणजे जागांचे क्रमांक २५६ आणि कार्डांचे क्रमांक ६५,५३६, याच्या पलीकडे या रूपात जाताच येत नाही. त्याहून गंभीर गोष्ट अशी की, हा क्रमांक तारेवरून उघडा जातो. त्याला कसलेही सांकेतिक आवरण नसते. रीडरचे झाकण काढून तारेला एक लहानसे उपकरण जोडणाऱ्याला दिवसभरात आलेल्या प्रत्येक कार्डाचा क्रमांक टिपता येतो आणि रात्री तोच क्रमांक पुन्हा तारेवर सोडता येतो. कंट्रोलरला वाटते, घरचेच माणूस आले! यावर उपाय म्हणून 'ओएसडीपी' ही अधिक सुरक्षित पद्धत आली आणि २०२० साली तिला आंतरराष्ट्रीय प्रमाणाचा दर्जाही मिळाला. परंतु जुनी यंत्रे भिंतीवर जशीच्या तशी आहेत. दार नवे दिसते. तारेवरचा व्यवहार मात्र मागच्या पिढीचा असतो.

एका चिपची कहाणी

आता कार्डाकडे वळू. १९९४ साली 'मायफेअर क्लासिक' नावाची चिप बाजारात आली आणि नंतर ती नेदरलँड्सच्या फिलिप्स कंपनीच्या मालकीची झाली. पुढे २००६ साली कंपनीचा हा विभाग वेगळा होऊन एनएक्सपी या नावाने ओळखला जाऊ लागला. ही चिप अब्जावधी कार्डांत बसली. लंडनच्या प्रवासी कार्डात तीच, हॉलंडच्या प्रवासी कार्डात तीच, आणि असंख्य कार्यालयांच्या दारांवरही तीच. तिच्यातील सांकेतिक गणित कंपनीने गुप्त ठेवले होते आणि या गुप्ततेवरच तिची सुरक्षा उभी होती.

२००७ च्या डिसेंबरात बर्लिनमध्ये भरलेल्या संगणकतज्ज्ञांच्या मेळाव्यात कार्स्टन नोल आणि हेन्रिक प्लोट्झ या दोन तरुणांनी ती गुप्तता संपुष्टात आणली. त्यांनी चिपचे थर एकेक करून खरवडले, प्रत्येक थराची सूक्ष्मदर्शकाखाली छायाचित्रे घेतली आणि त्या छायाचित्रांवरून आतील गणिताचा माग काढला. किल्ली अवघी ४८ अंशांची निघाली. पाठोपाठ २००८ साली नेदरलँड्समधील नायमेखन येथील रॅडबाउड विद्यापीठाच्या संशोधकांनी हे कार्ड प्रत्यक्षात कसे फोडता येते, ते सिद्ध केले. त्या देशात शासकीय इमारतींच्या प्रवेशासाठीही हीच चिप वापरात होती. साहजिकच सरकारला अतिरिक्त बंदोबस्ताची व्यवस्था करावी लागली.

याच्या पुढचा प्रसंग विशेष लक्षात ठेवण्याजोगा आहे. संशोधकांचा निबंध प्रसिद्ध होऊ नये म्हणून कंपनी न्यायालयात गेली. आर्नेम येथील न्यायालयाने १८ जुलै २००८ रोजी कंपनीची मागणी फेटाळली. न्यायालयाच्या म्हणण्याचा आशय असा होता की, नुकसान होत असेल तर ते दोष सांगण्यामुळे नव्हे, तर दोष असलेली वस्तू बनवून विकल्यामुळे होते. ऑक्टोबर २००८ मध्ये तो निबंध प्रसिद्ध झाला.

याच नेदरलँड्समध्ये जन्मलेल्या ऑगस्ट केर्कहॉफ्स या भाषातज्ज्ञाने १८८३ साली लष्करी सांकेतिक लेखनावर लिहिताना एक तत्त्व मांडले होते. यंत्रणा शत्रूच्या हाती पडली तरी बिघडू नये. गुप्त असावी ती केवळ किल्ली. गणित लपवणे म्हणजे सुरक्षा नव्हे, हा धडा सव्वाशे वर्षे जुना होता. व्यापाराच्या घाईत तो विसरला गेला.

हिरकणीला शिक्षा की सन्मान?

दोष दाखवणाऱ्याशी कसे वागावे, याचा निवाडा करण्यासाठी महाराष्ट्राला आर्नेमच्या न्यायालयापर्यंत जाण्याची आवश्यकता नाही. रायगडाची आख्यायिका येथे घराघरांत ठाऊक आहे. गडावर दूध घालायला गेलेली हिरकणी कोजागिरीच्या दिवशी उशिरापर्यंत अडकली. सूर्यास्ताला दरवाजे बंद झाले. घरी तान्हे मूल. आज्ञेवाचून दरवाजा उघडणार नाही, हे पाहून ती माउली काळोखात कड्यावरून उतरून गेली. जो गड अजिंक्य मानला जात होता, त्याच्या एका बाजूने मनुष्य उतरू शकतो, आणि जिथून उतरता येते तिथून चढताही येते, हे त्या एका रात्रीत सिद्ध झाले.

महाराजांनी काय केले? नियमभंग केला म्हणून तिला बंदिवासात टाकले नाही. कड्याची गोष्ट कोणाला सांगू नकोस, असा दमही भरला नाही. साडीचोळी देऊन तिचा गौरव केला आणि त्या जागी बुरूज बांधला. त्या बुरजाला नावही तिचेच मिळाले. कथा लोकपरंपरेची आहे. परंतु लोकपरंपरा जे जपून ठेवते, त्यात समाजाचा विवेक साठवलेला असतो. या कथेतील राजनीती दोन वाक्यांत सांगता येते. दोष दाखवणारा शत्रू नव्हे. आणि केवळ सन्मान पुरेसा नाही, त्या जागी बुरूजही उभा राहिला पाहिजे.

आधुनिक जगात बहुतेक वेळा या दोहोंपैकी एक तरी गोष्ट राहून जाते.

सांगितले, पण दुरुस्त झाले का?

२०१२ च्या जुलैमध्ये अमेरिकेतील लास व्हेगास येथे कोडी ब्रोशस या तरुण प्रोग्रॅमरने ऑनिटी या कंपनीच्या हॉटेलांतील कुलपांचा दोष जाहीर सभेत दाखविला. कुलपाच्या खालच्या बाजूस यंत्र जोडण्यासाठी एक छिद्र होते. त्यातून कुलपाची स्मृती कोणालाही वाचता येत होती आणि त्या स्मृतीतच किल्ली होती. स्वस्तातल्या सुट्या भागांचे उपकरण पुरेसे होते. अशी लक्षावधी कुलपे जगभर होती. ब्रोशसने कंपनीला आधी सूचना न देता थेट जगाला सांगितले, ही त्याची पद्धत वादग्रस्तच ठरली. दुसरीकडे, कंपनीने प्रथम जो विनामूल्य उपाय दिला, तो म्हणजे छिद्रावर बसवायचे एक बूच! खऱ्या दुरुस्तीसाठी कुलपातील भाग बदलणे आवश्यक होते आणि त्याचा खर्च हॉटेलांनी सोसावा, अशी सुरुवातीची भूमिका होती. त्याच वर्षी टेक्सासमधील ह्यूस्टन येथे या दोषाचा उपयोग करून हॉटेलच्या खोल्यांत चोऱ्या झाल्या. सांगणाऱ्याने घाई केली, दुरुस्त करणाऱ्याने दिरंगाई केली, आणि हानी झाली ती खोलीत सामान ठेवून निर्धास्त बाहेर पडलेल्या प्रवाशाची.

दहा वर्षांनंतरचे उदाहरण अधिक बोलके आहे. डोरमाकाबा या स्विस कंपनीची 'सॅफलॉक' कुलपे १३१ देशांत, सुमारे १३,००० वास्तूंत, ३० लाखांहून अधिक दारांवर बसविलेली होती. संशोधकांच्या एका गटाला २०२२ साली आढळले की, त्या हॉटेलातील कोणतेही एक कार्ड हाती आले, मग ते मुदत संपलेले का असेना, तर त्यावरून दोन बनावट कार्डे तयार करता येतात. पहिले कार्ड कुलपातील माहितीत फेरफार करते आणि दुसरे कार्ड दार उघडते. या कार्डांतही पुष्कळ ठिकाणी तीच मायफेअर क्लासिक चिप होती. जिची गुप्तता २००८ सालीच संपली होती, ती चिप चौदा वर्षांनंतरही शयनगृहांची दारे राखीत होती!

या गटाने सप्टेंबर २०२२ मध्ये कंपनीला कळविले आणि मार्च २०२४ पर्यंत सार्वजनिक वाच्यता केली नाही. कंपनीनेही दुरुस्ती हाती घेतली. तरीही दीड वर्षानंतर केवळ ३६ टक्के कुलपांची दुरुस्ती किंवा बदल झालेला होता. कारण उघड आहे. मोबाइल रात्री आपोआप अद्ययावत होतो. दाराचे कुलूप तसे होत नाही. प्रत्येक दारापाशी माणूस जावा लागतो, कार्डे नव्याने द्यावी लागतात, कार्ड बनविणारी यंत्रे बदलावी लागतात. बुरूज बांधणे हे गवंड्याचे काम आहे, घोषणेचे नव्हे.

चिपमधील चोरदरवाजा

येथवर पाहिले ते निष्काळजीपणाचे दोष होते. २०२४ च्या ऑगस्टमध्ये समोर आलेली गोष्ट त्याहून वेगळ्या जातीची आहे आणि ती थेट भारतापर्यंत पोहोचते. फ्रान्समधील क्वार्क्सलॅब या संस्थेचे संशोधक फिलिप तेवेन यांनी शांघाय फुदान मायक्रोइलेक्ट्रॉनिक्स या चिनी कंपनीची, मायफेअर क्लासिकशी जुळणारी चिप तपासली. २०२० मध्ये बाजारात आलेली ही चिप जुन्या हल्ल्यांना दाद न देणारी, अधिक भक्कम म्हणून ओळखली जात होती. परंतु तिच्या पोटात एक सामायिक किल्ली निघाली. त्या जातीच्या सर्व चिप्सना लागणारी एकच किल्ली! ती ठाऊक असणाऱ्याच्या हाती कार्ड काही मिनिटे आले, की वापरकर्त्याने घातलेल्या साऱ्या गुप्त किल्ल्या त्याला मिळतात. अशी कार्डे अमेरिका, युरोप आणि भारत येथील अनेक हॉटेलांत वापरात असल्याचे या संशोधकांना आढळले. ज्यांनी ती घेतली, त्यांच्यापैकी अनेकांना आपल्या कार्डात नेमकी कोणाची चिप आहे, याची कल्पनाही नसावी.

हा चोरदरवाजा कारखान्यातील चाचणीच्या सोयीसाठी होता की अन्य हेतूने, हा वाद दूर ठेवला तरी घरमालकाच्या दृष्टीने परिणाम एकच आहे. त्याच्या दाराची एक किल्ली त्याच्या नकळत दुसऱ्याच्या खिशात होती. मात्र येथे एक सत्य विसरता कामा नये. आधीच्या पिढीच्या चिपमध्येही अशीच दुसरी सामायिक किल्ली सापडली, आणि ती युरोपीय कंपन्यांच्या काही जुन्या चिप्सनाही लागली. याचा अर्थ, केवळ एका देशाच्या नावाने बोटे मोडून भागणार नाही. डच असो, स्विस असो वा चिनी, जी वस्तू उघडून पाहण्याची क्षमता आपल्यापाशी नाही, ती वस्तू आपल्या दारावर असली तरी पूर्णतः आपली नाही.

बोट बदलता येत नाही

कार्ड हरवले तर नवे मिळते. ठशाचे काय? २०१९ च्या ऑगस्टमध्ये दक्षिण कोरियातील सुप्रीमा कंपनीच्या 'बायोस्टार-२' या प्रवेश-नियंत्रण प्रणालीची माहिती महाजालावर असुरक्षित अवस्थेत आढळली. ती शोधून काढणाऱ्या संशोधकांच्या म्हणण्यानुसार तीत २ कोटी ७८ लाख नोंदी आणि १० लाखांहून अधिक लोकांच्या बोटांचे ठसे होते. प्रभावित ग्राहकांत भारत आणि श्रीलंका येथील व्यायामशाळांच्या एका साखळीचाही उल्लेख होता. संकेतशब्द फुटला तर तो बदलता येतो. परमेश्वराने दिलेली दहा बोटे मात्र जन्मभर तीच राहतात.

जून २०२४ मध्ये कॅस्परस्की या रशियन संस्थेने झेडकेटेको या चिनी कंपनीच्या चेहरा ओळखणाऱ्या प्रवेशयंत्रातील २४ दोष प्रसिद्ध केले. त्यांतील एक तर विलक्षण आहे. हे यंत्र क्यूआर चौकोनही वाचते. त्या चौकोनात क्रमांकाऐवजी माहितीसाठ्याला द्यावयाची आज्ञा लिहिली, तर यंत्र तीही पाळते आणि समोरच्या परक्याला अधिकृत व्यक्ती समजून आत घेते. द्वारपालाने पाहुण्याची चिठ्ठी वाचावी, चिठ्ठीत 'दार उघड' असे लिहिलेले असावे आणि त्याने ती मालकाची आज्ञा समजून दार उघडावे, तसा हा प्रकार. एवढी भाबडी चूक कोणताही अनुभवी वॉचमन करणार नाही. यंत्र आले म्हणून माणूस काढून टाकणाऱ्या संस्थांनी यावर विचार केला पाहिजे.

स्वदेशीचा खरा अर्थ

अशा वेळी 'स्वदेशी वस्तू घ्या' हा सल्ला सहज दिला जातो. सल्ला योग्यच आहे. परंतु परदेशातून आलेल्या पेटीवर भारतीय नावाची पट्टी चिकटविली म्हणजे ती वस्तू स्वदेशी होत नाही. स्वदेशी म्हणजे आतील गणित समजणे, दोष शोधता येणे, आणि दुरुस्तीसाठी दुसऱ्याच्या दाराशी ताटकळावे न लागणे. या दिशेने एक पाऊल पडले आहे. केंद्र सरकारने एप्रिल २०२४ च्या अधिसूचनेद्वारे सीसीटीव्ही कॅमेऱ्यांसाठी सुरक्षाचाचणी आवश्यक केली आणि ९ एप्रिल २०२५ पासून तिचा अंमल सुरू झाला. तो नियम कॅमेऱ्यांपुरता आहे. दारावर पाहणाऱ्या डोळ्याला जी कसोटी, तीच दार उघडणाऱ्या हातालाही लावली पाहिजे.

दुसरे पाऊल आपल्या हिरकण्यांसाठी आहे. भारतीय तरुण या शोधकार्यात मागे नाहीत. फेसबुकने २०१६ साली दिलेल्या माहितीनुसार, त्या कंपनीचे दोष दाखवून पारितोषिक मिळविणाऱ्यांत भारत पहिल्या क्रमांकावर होता. परदेशी कंपनीच्या गडाला बुरूज बांधण्यास आपली मुले साह्य करतात आणि मान मिळवतात. स्वदेशात मात्र त्यांना कायद्याची धास्ती वाटते. २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्यातील कलम ४३ नुसार मालकाच्या अनुमतीवाचून संगणकात प्रवेश करणारा भरपाईस पात्र ठरतो. कृत्य अप्रामाणिक हेतूने झाले असेल, तर कलम ६६ नुसार तीन वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. चोराला ही शिक्षा हवीच. परंतु सद्हेतूने दोष शोधून योग्य ठिकाणी कळविणाऱ्याला निःसंदिग्ध अभय देणारे कलम या कायद्यात नाही. 'सर्ट-इन' ही राष्ट्रीय संस्था दोषांची माहिती स्वीकारते आणि २०२१ पासून तिला अशा दोषांना आंतरराष्ट्रीय क्रमांक देण्याचा अधिकारही आहे. दाद घेणारा दरबार आहे. दरबारात येणाऱ्याला निर्भयपणा देणे तेवढे बाकी आहे.

प्रारंभ आपल्या दारापासून

मोठ्या धोरणांची वाट पाहत बसण्याचे मात्र कारण नाही. शिवकालात गडाचा कारभार हवालदार, सरनौबत आणि सबनीस अशा अधिकाऱ्यांत वाटलेला असे. एकाच्या फितुरीने गड जाऊ नये, हा त्यामागचा हेतू. आपल्या गृहनिर्माण संस्थेत, शाळेत, रुग्णालयात, पतपेढीत प्रवेशयंत्रणेचा मुख्य संकेतशब्द आज कोणाकडे आहे? अनेक ठिकाणी तो केवळ यंत्र बसवून गेलेल्या माणसाकडे असतो आणि कारखान्यातून आला तसाच कायम असतो. तो आजच बदलावा आणि दोन जबाबदार पदाधिकाऱ्यांच्या माहितीत असावा. कार्डात कोणती चिप आहे, हे विक्रेत्याकडून लेखी घ्यावे. मायफेअर क्लासिक किंवा तिच्याशी जुळणारी असेल, तर ती बदलण्याचा कार्यक्रम आखावा. कंट्रोलर थेट महाजालाला जोडलेला नसावा. दोष उघड झाल्यास किती दिवसांत आणि कोणाच्या खर्चाने दुरुस्ती होईल, हे खरेदीच्या करारातच लिहून घ्यावे. भाडेकरू गेला किंवा नोकर बदलला की त्याचे कार्ड त्याच दिवशी रद्द व्हावे. आणि घरकामाला येणाऱ्या भगिनींचे ठसे घेण्यापूर्वी ते कुठे साठविले जातात, हे आधी स्वतः विचारावे. नकार देण्याची ज्यांची परिस्थिती नाही, त्यांच्या वतीने तो प्रश्न विचारणे हे आपले कर्तव्य आहे.

यासाठी तंत्रज्ञ असण्याची आवश्यकता नाही. प्रश्न विचारण्याचे धैर्य आणि उत्तर मिळेपर्यंत पाठपुरावा करण्याची चिकाटी, एवढे भांडवल पुरेसे आहे. संस्थेच्या येत्या सर्वसाधारण सभेत रंगकाम आणि पाण्याच्या टाकीबरोबर हा विषयही कार्यक्रमपत्रिकेवर यावा. एखाद्या घरातील अभियांत्रिकीचा विद्यार्थी उठून म्हणाला की, 'काका, आपले हे कुलूप उघडता येते', तर त्याला खाली बसवू नये. त्याला पुढे बोलवावे, त्याचे म्हणणे शांतपणे ऐकावे आणि त्याच सभेत दुरुस्तीचा ठराव मंजूर करावा.